होटगीच्या बिळावरची पाच डोकी

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १३ डिसेंबर १९३२

चि. वेणीमाधव भावजींस,

ख्यालीखुशालीत कागद घालवत नाही. कामाचं लिहिते. ती मुंगी मला सापडली. अख्खी, डोक्यासकट; आणि एक नव्हे, बारा.

कुठली मुंगी ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी सगळं पुन्हा लिहिते, कारण तुम्ही ते तुमच्या बाजूनं लक्षात ठेवलं असणार. सात वर्षांपूर्वी तुमचे दादा होटगी जंक्शनला तारमास्तर होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाकीचे बाबू पत्ते कुटायचे, हे भिंग घेऊन मुंग्या बघायचे. आमच्या क्वार्टरच्या मागं दाणे वाहणाऱ्या काळ्या मुंग्यांचं एक मोठं बीळ होतं. तिथल्या नमुन्यांवरून ह्यांनी एका नव्या जातीचं वर्णन लिहिलं आणि ते १९२६ साली मुंबईच्या इंग्रजी मासिकात छापून आलं. पोस्टमननं अंक दिला त्या दिवशी ह्यांनी एक तार चुकीच्या स्टेशनला पाठवली होती, इतका आनंद.

पुढच्याच अंकात तुमचं टिपण आलं. तुम्ही कॉलेजात नुकते डेमॉन्स्ट्रेटर झाला होतात. ह्यांनी नमुने चिकटवलेली पाच कार्डं बघायला म्हणून मागून घेतलीत, आणि लिहिलंत की धड रोजच्या काळ्या मुंगीचं आहे आणि वर भलत्याच कुणाचं डोकं चिकटवलं आहे. इथवर तुमचं बरोबर होतं. पण त्यापुढं आणखी एक ओळ होती: ‘होटगीच्या तारमास्तरांना नृसिंहाचं दर्शन झालेलं दिसतं.’ ती ओळ पुण्यामुंबईत हसून झाली आणि मग होटगीला आली. स्टेशनावरचे हमालसुद्धा ह्यांना ‘नरसिंगराव’ म्हणू लागले. ह्यांनी भिंग डब्यात ठेवलं ते पुन्हा काढलं नाही. तीन वर्षांनी विषमज्वरानं गेले. तुम्ही दहाव्याला आलात, पिंडाला कावळा शिवल्यावर गेलात. आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

मला तेव्हा काही कळत नव्हतं. आता कळतं, म्हणून विचारते. धड काळ्या मुंगीचं होतं, कबूल. मग डोकं कोणाचं होतं? पाचही कार्डांवरची डोकी एकसारखी होती. असलं डोकं असणारी मुंगी कुठंतरी असणारच ना? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. हसणाऱ्यांपैकी कुणीच विचारला नाही.

ह्यांनी डोक्याचं वर्णन वहीत लिहून ठेवलं आहे. डोकं रुंदीपेक्षा लांब, दोन्ही बाजू सरळ. वर पुढून मागे बारीक रेघा, कंगव्यानं विंचरल्यासारख्या. डोळे अगदी लहान आणि जबड्याच्या बाजूला सरकलेले. मिशीला अकरा मणी, टोकाचे दोन फुगीर. माझ्या बाराही मुंग्यांची डोकी याच्याशी ओळ न ओळ जुळतात. वर्णनाची इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

माझं मागणं एवढंच आहे. ती पाच कार्डं अजून तुमच्याकडे आहेत. ती काढून माझी मुंगी शेजारी ठेवून बघा. जुळली, तर ह्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं असं त्याच मासिकात छापा.

डोकी सुटी कशी झाली असं विचाराल. नमुने मीच गोळा केले होते. आणताना बाटली माझ्या हातून पडली, त्यात मोडले. बाकी काही नाही.

तुमची वहिनी,
अंबुबाई


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ जानेवारी १९३३

चि. भावजींस,

पोस्टकार्ड पोचलं. ‘वहिनी, मुंगी ओळखणं म्हणजे भरतकाम नव्हे. नमुने पाठवा, पाहतो. इंग्रजी कुणाकडून लिहून घेतलंत?’ तीन वाक्यं. सहा वर्षांनंतर एवढं म्हणजे पुष्कळच म्हणायचं.

इंग्रजी कुणाकडून लिहून घेतलं नाही. तुम्ही विसरला असाल, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात. तुम्ही चुलीपाशी बसून पाटीवर ग म भ न गिरवायचात आणि मी भाकरी थापायची. मला पाटी नव्हती, परातीतलं पीठ होतं. तुम्ही एक अक्षर काढलंत की मी पिठात काढायची आणि सासूबाई आल्या की हात फिरवून मोडायची. मराठी अशी आली. इंग्रजी हे गेल्यावर शिकले. ह्यांचं मुंग्यांचं जाड पुस्तक होतं, ते मला वाचायचं होतं. एक कोश, एक मुलांचं पहिलं पुस्तक, आणि तीन वर्षं. दिवसा पेठेतल्या मुलींना शिवण शिकवते, दुपारचे दोन तास पुस्तक. माझं इंग्रजी बोललं तर तुम्हाला हसू येईल, कारण शब्द मी फक्त पाहिले आहेत, ऐकलेले नाहीत. पण मुंगीला त्यानं फरक पडत नाही.

भरतकामाचं म्हणालात ते एका अर्थी बरोबर आहे. सुईत दोरा ओवायची सवय नसती तर मला हे जमलं नसतं. मुंगी पालथी चिकटवली की पाय आणि कमर डिंकात बुडतात, मग मोजायचं काय? कार्डाचा निमुळता त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला कणभर डिंक लावायचा आणि त्यावर मुंगीची छाती टेकवायची. पाय मोकळे, कमर मोकळी, डोकं मोकळं. कार्डाला मी लग्नपत्रिका वापरते. पेठेतल्या बायका मला लग्नाला बोलवत नाहीत, पण लग्न झालं की जुन्या पत्रिका आणून देतात. जाड कागद असतो, चांगला टिकतो. तुमच्याकडे येणाऱ्या एका त्रिकोणावर ‘शुभवि’ एवढी अक्षरं दिसतील. ती वाचू नका, वरची मुंगी बघा.

बारांपैकी दोनच पाठवते आहे. दहा माझ्याकडे राहतील. राग मानू नका. मागच्या वेळी पाठवलेलं परत आलं नव्हतं.

आता धडाविषयी, कारण ते ह्यांना पाहायलाच मिळालं नाही. लांबी ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी. रंग मधासारखा, पोट मागं काळपट. पाठीवर मागच्या बाजूला दोन आखूड काटे, टोकं वर वळलेली. कमरेला दोन गाठी. मागची गाठ लांबीपेक्षा रुंद. आणि नांगी आहे, ती माझ्या अंगठ्याला विचारा. काळ्या दाणेवाल्या मुंगीला पाठीवर काटे नाहीत, डोळे मोठे आहेत आणि मिशीला बारा मणी आहेत. दोघींना एक समजायचं तर डोकं आणि धड वेगळं करावं लागतं. नेमकं तेच झालं होतं.

वहिनी


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ फेब्रुवारी १९३३

चि. भावजींस,

पत्र पोचलं. या वेळी कार्ड नव्हतं, पाकीट होतं.

तुम्ही म्हणता जबड्याला चार दात आहेत, दादाच्या वर्णनात पाच आहेत, म्हणजे ही ती नव्हे. भावजी, पुन्हा बघा. तुम्ही जबडा मिटलेला असताना मोजलेत. मिटला की आतला शेवटचा दात वरच्या ओठाच्या कडेखाली जातो. मलाही आधी चारच दिसले होते आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग एक मुंगी पाण्याच्या वाफेवर धरून मऊ केली, निवडुंगाच्या काट्यानं जबडा उघडला, आणि पाचवा दात समोर आला. अगदी लहान, पण आहे. तुम्हाला पाठवलेल्या दोघींपैकी जिच्या कार्डाचा कोपरा कापला आहे तिचा जबडा मी उघडून ठेवला आहे. तुम्ही बहुधा दुसरीच पाहिलीत.

ह्यांनी पाचवा दात पाहिला होता. होटगीत, साध्या हातभिंगानं, कंदिलाच्या काचेमागं. तुमच्या कॉलेजच्या यंत्रात तो दिसला नाही. हे मी टोचायला लिहीत नाही. टोचायला लिहीत असते तर आणखी चांगलं लिहिलं असतं.

तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे. बाराही एकाच बिळातल्या कशावरून?

होटगी आणि वळसंगच्या मधे बसव्वाचं रान आहे. ती आम्हाला क्वार्टरवर ताक आणून द्यायची, तुम्ही एकदा प्यालाही होतात आणि ‘पाणीच जास्त’ म्हणाला होतात. ते ती अजून विसरलेली नाही. गेली दोन वर्षं मी दर रविवारी गाडीनं होटगीला जाते आणि तिथून चालत तिच्या रानात. काळ्या मुंग्यांचं एखादं बीळ धरायचं आणि शेजारी गोणपाट टाकून बसायचं. माझा हिशोब साधा होता. ती डोकी काळ्या मुंग्यांच्या बिळाशी मिळाली, म्हणजे ती दुसरी मुंगी तिथं येत असणार.

पहिल्या दोन रविवारी बसव्वा लांबून बघत होती. तिसऱ्या रविवारी आली.

“वैनी, काय सांडलंय का हितं? सोन्याचा मणी-बिणी?”

“नाही गं. मुंगी बघते.”

“मुंगी? सोलापुरात मुंग्या न्हाईत व्हय? तिकीट काडून आलाय मुंगी बगाया!” मग मालकाला हाक मारून कानडीत काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसली. तरी जाताना माझ्या डोक्यावर सावलीला फडकं बांधून गेली.

दीड-दोन वर्षं मला काही मिळालं नाही. आणि हे तिला आधीच विचारलं असतं तर ते रिकामे रविवार वाचले असते. मी विचारलं नाही, कारण मी पुस्तक वाचलेली आणि ती न वाचलेली. गेल्या दिवाळीनंतर सहज तिला वर्णन करून सांगितलं, बारीक, तांबूस, पाठीवर काटे. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, “ती कळ्ळ इरवी की वो!”

“म्हणजे?”

“कळ्ळ म्हंजी चोर. चोर मुंगी. मी दर सोमवारी पीठ टाकते न्हवं बिळावर? काळ्या लगीच येत्यात. ही पीठ हुंगती आन म्होरं जाती. तिला पीठ नगं, तिला दुसऱ्याची अंडी पायजेत. बिळात शिरती, चोरती, पळती. गावली तर काळ्या तिचं मुंडकं तोडत्यात आन भायेर फेकत्यात.”

“आणि राहते कुठं?”

“कडब्याच्या गंजीखाली, वली माती असती तितं. चला दावते. आदी सांगायचं की! दोन वर्सं गोणपाटावर बसून ऱ्हायलाय देवासारकं.”

गंजीखाली बीळ होतं. त्या एकाच बिळातून मी बारा धरल्या. जिवंत धरल्या आणि माझ्या हातानं एकेक करून स्पिरिटमध्ये टाकल्या. त्या कशा थांबतात ते बघत बसले. बसव्वा तेव्हा उठून बैलांकडे गेली. ‘जिवंत’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. का, ते आज लिहीत नाही.

वहिनी


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ३० एप्रिल १९३३

चि. भावजींस,

तुमचं चार पानांचं पत्र कालच्या टपालानं आलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पाचही डोकी जुळली. पाचवा दात पाचही डोक्यांना आहे. तुम्ही लिहिता, ‘दादाचं वर्णन शब्द न शब्द बरोबर आहे, मी ते तेव्हा नीट वाचलंच नव्हतं.’ हे वाक्य मी एका कागदावर उतरवून ह्यांच्या पुस्तकात ठेवलं आहे. तुम्हाला ते लिहायला जड गेलं असणार, अक्षरावरून दिसतं.

सकाळी शिवणाला आलेल्या मुलींना मी आज सुट्टी दिली. एकीनं विचारलं, “कोण आलं का बाई गावाहून?” मी म्हटलं, “पाहुणा नाही, निकाल आला.” कसला निकाल तिला कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दिवसभर मात्र मान ताठ ठेवून वावरले.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे: ‘पण वहिनी, इतकं बारीक पाहणारा माणूस भलतं डोकं भलत्या धडाला लावील कसा? बाटली पडून मुंग्या मोडतील, पण एका बिळातल्या बाटलीत दुसऱ्या जातीची पाच डोकी येतील कुठून?’

बाटली पडली नव्हती.

त्या वर्षी चातुर्मासात मी नेम धरला होता. चार महिने आपल्या हातून जीव मरू द्यायचा नाही. भाजीतली अळीसुद्धा मी अंगणात नेऊन सोडत होते. आमची दोन बाळं बारशाआधी गेली हे तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यासाठी नेम होता. आश्विनात ह्यांची सलग ड्यूटी लागली आणि ह्यांनी मला बाटली दिली. म्हणाले, “मागच्या बिळातल्या वीसेक मुंग्या धर. जिवंतच टाक स्पिरिटमध्ये, म्हणजे मोडणार नाहीत.” मी हो म्हटलं.

बिळाभोवती काळ्या मुंग्या गवताच्या टरफलांचं कडं करतात. नको ते सगळं त्या बिळाबाहेर त्याच ढिगात टाकतात, आपली मेलेलीसुद्धा. मी त्या ढिगातून वेचल्या. मेलेल्या होत्या, म्हणजे मी मारलेल्या नव्हत्या. वाळून मोडलेल्या होत्या. काही नुसती डोकी, काही नुसती धडं. मुंगी ती मुंगी, असं मला वाटलं. ह्यांनी विचारलं, “इतक्या मोडल्या कशा गं?” मी म्हटलं, “बाटली हातातून पडली.” ह्यांचा माझ्यावर विश्वास होता. एका बाटलीतलं म्हणजे एका बिळातलं, असं धरून ह्यांनी मापानं जुळेल ते डोकं त्या त्या धडाला लावलं. कार्डाखाली ‘डोकं सुटं होतं’ असंही प्रामाणिकपणे लिहिलं. ती चोर मुंगीची डोकी होती, काळ्यांनी तोडून ढिगात फेकलेली.

नेम आहे असं मी का सांगितलं नाही? ते हसले असते म्हणून नव्हे. ते कुणाच्या नेमाला हसत नसत. पण नेम सांगितला असता तर कशासाठी तेही सांगावं लागलं असतं. बाळांचं नाव आमच्या घरात दोघांनीही काढायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं.

तुमचं टिपण आलं तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं. ह्यांची चूक झाली एवढंच कळलं, कशी झाली ते कळलं नाही. ते कळलं दोन वर्षांपूर्वी. ह्यांची वही सगळी मराठीत आहे. मधलं एकच पान इंग्रजीत आहे, आणि ते का, हे मला आधी समजेना. इंग्रजी येऊ लागल्यावर मी ते पान वाचलं. तारीख तुमचं टिपण छापून आल्यानंतर तीन आठवड्यांची आहे. मराठीत लिहिते:

‘आज बिळाचा ढीग चाळला. तसली आणखी दोन डोकी मिळाली. म्हणजे नमुने बिळातले नव्हते, ढिगातले होते. चातुर्मास होता. अं. अळीसुद्धा मारत नव्हती. तिला विचारायचं नाही. वेणूला उत्तर पाठवायचं नाही.’

मला वाटत होतं, नेम मी लपवून धरला आहे.

भावजी, तीन आठवड्यांत त्यांना सगळं कळलं होतं. एक ओळ लिहून ते तुमचं तोंड बंद करू शकले असते. ती ओळ म्हणजे ‘नमुने माझ्या पत्नीनं ढिगातून वेचले’. ती त्यांनी लिहिली नाही, आणि ज्या एका माणसाला ते पान कळलं असतं तिला येत नसलेल्या भाषेत ते लिहून ठेवलं. वर तीन वर्षं ‘नरसिंगराव’ ऐकून घेतलं. मी रोज त्यांच्या ताटासमोर बसत होते. एकदाही त्यांच्या तोंडावर ते दिसलं नाही.

ते पान वाचलं त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा बसव्वाच्या रानात गेले. डिसेंबरच्या पत्रात तुम्हालाही पुन्हा तेच बाटलीचं खोटं लिहिलं. सात वर्षं बोललेलं खोटं हाताला वळण लागल्यासारखं आपोआप उतरतं. आज मोडलं.

वहिनी


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १७ सप्टेंबर १९३३

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

विलायतेच्या तज्ज्ञांचं उत्तर तुम्ही मूळ पाठवलंत हे फार चांगलं केलंत. ही मुंगी आजवर कुणी वर्णन केलेली नाही, जात नवी आहे, असं त्यांच्या सहीनं वाचलं. बसव्वाला सांगायला मुद्दाम होटगीला गेले. ती म्हणाली, “इलायतेच्या सायबाला आपल्या रानातली मुंगी ठाव न्हवती? मग कसला वो त्यो सायब!” आणि मला ताक दिलं. घट्ट होतं.

आता तुमच्या म्हणण्याविषयी. तुम्ही लेख तयार केलात, चित्रं काढून घेतलीत. जातीला दादाचं नाव द्यायचं असं तज्ज्ञांना कळवलंत. नृसिंहाची ओळ मागं घेतो असं स्वतः होऊन लिहिलंत. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं. तुमचे दादा असते तर लाजून अंगणात निघून गेले असते.

पण पुढं तुम्ही लिहिता, ‘१९२६ चं वर्णन आता उगाळायला नको. अख्खी मुंगी हाती आहे, नव्यानं वर्णन करू. ढिगाची गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे. दादानं जे झाकलं ते आपण का उघडायचं? शिवाय एका विधवा बाईचं नाव छापून यावं आणि तेही चुकीसाठी, हे बरं दिसेल का?’

तुम्ही हे माझ्यासाठी लिहिलंत, ते मला कळतं. तरी ऐकणार नाही.

नुसतं नाव दिलंत तर लोक काय म्हणतील? भावानं भावाची लाज राखली. बिचारा तारमास्तर, घोटाळा करून गेला, धाकट्यानं मोठ्या मनानं मुंगीला नाव दिलं. ह्यांना दया नको आहे. ह्यांनी डोकं पाहिलं आणि जसं होतं तसं लिहिलं. नवं वर्णन आता होतंय, पण त्या डोक्याचं पहिलं खरं वर्णन सात वर्षांपूर्वीच छापून आलं आहे. ते बाजूला ठेवायचं कारण नाही. आणि ते का फसलं हे सांगितल्याशिवाय ते खरं होतं हे कुणाला पटणार नाही. माझी चूक छापल्याशिवाय त्यांचं बरोबर छापता येत नाही.

दादांनी झाकलं ते उघडायचं का, याचं उत्तर मी दोन वर्षं शोधलं. त्यांनी झाकलं तेव्हा मी अशी बाई होते जिला तो मासिकाचा अंक हातात धरून उलटा की सुलटा हेही कळत नव्हतं. लोक हसले असते तर मला फक्त हसणं ऐकू आलं असतं, उत्तर देता आलं नसतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही. आज मी तशी नाही. आज हसले तर मी उत्तर देईन, इंग्रजीत, मुंगीच्या दातांसकट. मग अजून त्यांच्या आडोशाला का राहू?

चुकीसाठी नाव छापून येतं, म्हणता. भावजी, पेठेत माझं नाव कुठंच येत नाही. शिवणाच्या मुलींची आईबापं मला ‘शिवणाच्या बाई’ म्हणतात, वाणी ‘तारमास्तरांच्या मागच्या’ म्हणतो. मी ढिगातून वेचल्या, ते लपवलं, मग शोधून काढलं. तिन्ही मीच केलं. तिसऱ्यासाठी नाव घ्यायचं आणि पहिल्या दोन्हींना ते लागू द्यायचं नाही, हे मला जमणार नाही.

तेव्हा लेखाच्या अखेरीला हे चार ओळींचं टिपण घाला. शब्द बदलू नका.

‘१९२६ साली छापलेल्या वर्णनातील डोके याच जातीचे आहे, व ते वर्णन अचूक आहे. धड दुसऱ्या जातीचे होते. नमुने बिळातून धरलेले नसून बिळाबाहेरील ढिगातून वेचलेले होते, व ही गोष्ट वर्णन करणाऱ्यास सांगण्यात आली नव्हती. ते वेचणारी: त्यांची पत्नी अंबुबाई, सोलापूर. या जातीची अख्खी कामकरी मुंगी प्रथम शोधणारी: तीच.’

इंग्रजी मीच करून सोबत जोडलं आहे. तुम्ही फक्त छापा.

तुमची वहिनी,
अंबुबाई